हरेलीच्या दिवशी उघडलेला पुढचा अ‍ॅक्सल

परवाच्या फोटोत ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला लाल-पिवळी नाडाछडी दिसली, म्हणून तुम्ही विचारलंत, "आजी, तुम्ही ट्रॅक्टरलाही राखी बांधता का?" राखी नाही ती. पण ती तिथेच का बांधली, याची एक हकीकत आहे. फोनवर सांगायला घेतली की तुमचे आजोबा मागून ओरडून शेवट आधीच सांगून टाकतात. म्हणून लिहिते.

बीरगांवच्या पलीकडची आपली बाडी तुम्ही लहानपणी पाहिली आहे. भाजी, पेरू आणि खाली धानाच्या छोट्या बांध्या. आजोबा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरात त्यांचे हात स्वस्थ बसेनात. चौबे कॉलनीतल्या घराचे सगळे नळ दोनदा बदलून झाले, तेव्हा मीच म्हटलं, घ्या तो छोटा ट्रॅक्टर. चारही चाकांना जोर असलेला. मोठा ट्रॅक्टर आपल्या बांधीत वळत नाही, आणि नुसत्या मागच्या चाकांवर चालणारा चिखलात बसतो. याची पुढची चाकंही ओढतात. त्यासाठी पुढच्या अ‍ॅक्सलच्या पोटात दांडे आणि दातेरी चक्रं तेलात बुडून फिरत असतात. दोन्ही टोकांना, चाकाच्या आत, रबराचं एक कडं असतं. त्याला सील म्हणतात. तेल आत आणि चिखल बाहेर ठेवणं एवढंच त्याचं काम.

आमचीही कामं वाटलेली आहेत. पाना त्यांचा, पुस्तक माझं. ट्रॅक्टरसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचलं आहे. ते म्हणतात, अभ्यासाची हौस लग्नानंतर अशी फिटली.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. बाजूच्या शेतातल्या शेजारणीच्या बांधीत रोवणी, म्हणजे भातलावणी, व्हायची होती. तिचा नवरा कारखान्यात पाळीवर जातो, शेती तीच पाहते. पऱ्ह्यातली, म्हणजे रोपवाटिकेतली, रोपं उंच होऊन वाऱ्याने लवायला लागली होती. जास्त जून झालं की रोप लावूनही फुटवे धरत नाही, आणि तिचं वर्षाचं धान तेवढंच. तिची बांधी खोलगट, मोठा ट्रॅक्टर तिथे कोणी उतरवत नाही. म्हणून हरेलीच्या, औजारांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी आपल्या ट्रॅक्टरने चिखलणी करायची आणि लगेच रोवणी, असं ठरलं. रोवणीच्या बायांना तिने तोच दिवस दिला होता. त्यानंतर त्या दुसऱ्या गावी जाणार होत्या.

हरेलीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी ट्रॅक्टर धुताना डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला. आजोबांनी खालचा बोल्ट जरासा ढिला केला. तेल काळपट यायला हवं, आलं ते दुधाच्या चहासारखं.

"पाणी गेलं आत," ते म्हणाले. "सील गेलं. असंच चिखलात घातलं तर चिखल चक्रं खाऊन टाकीन."

संध्याकाळीच शहरात जाऊन त्यांनी सील आणलं. पण उद्या हरेली.

इथे हरेलीला नांगर, कुदळ, फावडं सगळं धुऊन, तेल लावून अंगणात मांडतात, गुळाच्या चील्याचा, म्हणजे धिरड्याचा, नैवेद्य दाखवतात. त्या दिवशी औजारांना सुट्टी. कोणी काम करवून घेत नाही. शेजारीण याबाबत फार कडक. सकाळी आम्ही चाकाखाली जॅक लावलेला पाहून ती धुऱ्यावरूनच, दोन शेतांमधल्या बांधावरूनच, ओरडली.

"भैया, आज औजार को हाथ नहीं लगाते! इतना पढ़-लिखकर भी!"

"काम कुठे करून राहिलो?" आजोबा म्हणाले. मग त्यांना आठवलं की हिला हिंदीत सांगायला हवं. "नहला रहे हैं."

"नहलाना तो कल हो गया."

मी मधे पडले. "बाहर का हुआ, अंदर का बाकी है. आज धोना और तेल लगाना, यही तो है ना? हम गंदा तेल निकालेंगे, धोएंगे, नया तेल देंगे. चलाएंगे बिल्कुल नहीं."

ती विचारात पडली. एकीकडे हरेली, दुसरीकडे तिचीच रोपं. "और ये पाना? ये औजार नहीं है?"

"ये तो इसका टॉवेल है," आजोबा म्हणाले.

ती हसली नाही, पण "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि लक्ष ठेवायला शेजारी येऊन बसली.

मागच्या चाकांना दगड लावले, अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे दिले, चाक उतरवलं. मी स्टीलच्या ताटात निघालेला प्रत्येक बोल्ट जिथून निघाला तशाच गोलात मांडत होते.

"कोशिंबीर मांडून राहिली का वं?"

"तुमच्या खिशात ठेवले की एक नेहमी उरतो," मी म्हटलं.

झाकण निघालं, आतला भाग बाहेर आला. आजोबांनी सीलच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घातला आणि थांबले. काहीतरी ओढायला लागले. काळं, ताणलेलं, दोरीसारखं. ते येतच राहिलं. मी रॉकेलच्या वाटीत बुडवून चोळलं, तसा एका टोकाकडचा भाग लाल निघाला. मग पिवळा.

"नाडाछडी!" मी म्हटलं. "अहो, ही इथे कशी गेली?"

आजोबा माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. शेजारीण मात्र चाकाकडे बघत होती. मग तिने पदर तोंडावर घेतला.

"मैंने बाँधा था," ती पदराआडून म्हणाली. "पिछली हरेली में. आगे का चक्का ही तो खींचता है, दीदी. सोचा, उसी को नज़र लगेगी."

मागच्या वर्षभरात तो धागा फिरत फिरत सीलच्या आतल्या कडेत शिरला होता आणि त्याने रबर कापून काढलं होतं. आजोबांना इतकं हसू आलं की पाना खाली ठेवावा लागला. "चालीस साल रेल में रहा," ते म्हणाले, "ऐसी पक्की पूजा नहीं देखी!" मग तीही हसली, खांदे हलेपर्यंत. आणि त्यानंतर तिच्याइतकी घाई कोणालाच नव्हती. कापड आण, रॉकेल ओत, "भैया, हाथ चलाओ, त्योहार है तो क्या हुआ!"

नव्या सीलला तेल चोळून, लाकडाचा तुकडा ठेवून, चहूबाजूंनी हळूहळू ठोकत बसवलं. बोल्ट समोरासमोरचे आवळले. एकही उरला नाही, हे मी ताट उलटं करून दाखवलं. नवं तेल भरलं. भोकापाशी तेल दिसताच आजोबा बूच लावायला निघाले. मी पुस्तक पुढे केलं: तेल अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जातं, थोडं थांबून पुन्हा बघा. तोवर आम्ही गरम चीले खाल्ले. परत बघितलं तर पातळी खाली गेलेली. आणखी भरलं. पूजा झाली. यंदाची नवी नाडाछडी मात्र शेजारणीने न बांधता कमरेला खोचून ठेवली. "पहले कल चलने दो."

दुसऱ्या दिवशी बांधीच्या खोलगट कोपऱ्यात मागची चाकं नुसती गरगरली. आजोबांनी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला. ट्रॅक्टरने नाक जरा खाली घातलं आणि पुढची चाकं चिखल फाडत वर आली. धुऱ्यावरच्या बाया ओरडल्या, शेजारीण सगळ्यांत जोरात. दुपारपर्यंत बांधी आरशासारखी झाली आणि बाया गात गात रोपं लावायला उतरल्या.

ट्रॅक्टर धुऊन झाल्यावर शेजारणीने डाव्या चाकामागे बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं. मग कमरेची नाडाछडी काढून ती स्टिअरिंगपाशी गेली आणि थांबली.

"दीदी, किताब में देख लो. यहाँ बाँध सकते हैं?"

मी चष्मा लावून स्टिअरिंगची सगळी पानं वाचली. मनाई कुठेच नव्हती.