बघायला आले मुलीला, बघितलं मला

सत्तेचाळिशीत माझं डोकं फिरलं, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. कमरेपासून एक गरम वाफ उठायची, मानेवरून टाळूत जायची, अंगावरचं पातळ घामानं चिंब व्हायचं. मग समोर जो सापडेल त्याची खैर नसायची. दूधवाला, सासूबाई, मालक म्हणजे माझा नवरा, आणि सगळ्यात जास्त माझी एकुलती एक पोरगी. तांब्या जागेवर नाही एवढ्यावरून मी तिला असलं काही बोलायचे की नंतर माझी मलाच लाज वाटायची. पण पोरीची माफी मागायची रीत आमच्यात कुणाला ठाऊक होती?

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी मला सरळ सांगितलं होतं. पाळी जायला लागली की अंगातले हार्मोन्स खालीवर होतात, त्याचा मेंदूवर परिणाम होतो, झोप उडते, चिडचिड वाढते. "हा तुमचा स्वभाव नाही हो, शरीरात बदल होतोय," म्हणाल्या. इतकं हलकं वाटलं मला! एसटीनं चौसाळ्याला आले ती थेट आमच्या कापडाच्या दुकानात गेले आणि मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हार्मोन-फिर्मोन काय न्हाई. तुमच्या खानदानाचं रक्तच तापट हाय." घ्या! एवढी शिकलेली बाई खोटी आणि हे कापडवाले खरे.

त्यातच उमापूरचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. त्याच्या वडलांचं म्हणणं असं की पोरगी आईवर जाते, तेव्हा आधी आईचा स्वभाव बघायचा. गोऱ्हा घेताना गाय बघतात ना, तशी मला बघायला माणसं येणार होती. पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पुढं शिकायचं म्हणून वर्षभर भांडत होती, आणि ह्या स्थळाला मात्र एका शब्दात हो म्हणाली. मला नवल वाटलं, पण मी काही विचारलं नाही. माझ्याच डोक्याला कमी ताप होता का?

मालकांनी मला ताकीद दिली. "दोन तास तोंड उघडायचं न्हाई. तुझ्यामुळं पोरीचं जमलं न्हाई तर बघ!"

पाहुणे आले. सात पुरुष आणि मुलाची आई. ती पदर कपाळापर्यंत ओढून कोपऱ्यात बसली. चहाच्या ऐवजी बर्फात ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणल्या होत्या, तेव्हा ती नवी टूम निघाली होती. पोरगी ट्रे घेऊन आली आणि लाईट गेली. वीज तयार होते परळीला, आमच्याच जिल्ह्यात, आणि पंखा बंद पडतो आमचाच! पंखा थांबला तशी माझी वाफ उठली. कानशिलं तापली, घाम हनुवटीवरून टपटप गळायला लागला. मला काही सुचेना. मी ट्रेमधली एक बाटली उचलली आणि सरळ मानेला लावली.

मुलाचे वडील हसत म्हणाले, "बाई लई तापट हायत म्हणून ऐकलं होतं. खरंच दिसायलंय."

"तापट न्हाई," मी म्हणले. "माझी पाळी जायलीय. म्हणून घाम यायलाय."

सात पुरुषांसमोर बोलले मी हे. मालकांनी डोळे मिटले. मुलाचे वडील टोपी सावरत उठले, "चला रे, झालं बघून."

मुलाची आई मात्र उठली नाही. "बसा खाली," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिनंही एक बाटली घेऊन मानेला लावली. "दोन वर्षं झाली, मला वाटायलंय मला वेड लागलं. तुमी मला दोन देवऋषी दाखवले, अंगारे लावले. डाक्टर एक दाखवला न्हाई." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "पोरगी मला पसंत हाय. फोडा सुपारी."

मालकांचा जीव भांड्यात पडला. ते लगबगीनं सुपारी आणायला वळले. मी पोरीकडं बघितलं. ती ट्रे छातीशी धरून रडत होती.

"काय झालं गं?"

"आई, मला वाटायचं तुला मीच नको झालेय. दिवसभर माझ्यावरच ओरडतीस." हुंदका आवरत ती म्हणाली, "म्हणून मी हो म्हणले. म्हणलं, गेले की तुझी तरी सुटका होईल."

मालक सुपारी घेऊन आले होते. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि मुलाच्या आईपुढं हात जोडले. "माफ करा बाई," मी म्हणले, "माझी पोरगी अजून शिकायचीय."