देवाचं मन मी वळवलं नव्हतं

आमच्या घरात अजून सांगतात की लेकीला कुणकेश्वरच्या जत्रेला नेण्यासाठी मी ग्रामदेवाचं मन वळवलं. सुना हे नातवंडांना सांगू लागल्या की मी पानाचा डबा शोधायला उठतो. आता उठणंही जमत नाही, तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. लेक आठ वर्षांची. तान्ही असताना आलेल्या तापाने तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. दर महाशिवरात्रीला आम्ही मालवणजवळच्या आमच्या गावातून कुणकेश्वरला जायचो आणि तिला शेजाऱ्यांकडे ठेवायचो. त्या वर्षी ती म्हणाली, मीही येणार. बायकोने लगेच जुन्या लुगड्याची झोळी शिवली. ती भक्कम नाही हे दाखवायला मी स्वतः तीत बसलो. झोळी फाटली.

"चेडवाचा वजन तुमच्याएवढा आसा काय?" असं म्हणून बायको दुहेरी शिवायला बसली.

मी अडचणी काढतच होतो. खाडी ओलांडायच्या तरीवर गर्दी असते, वाळूत गाडीचं चाक रुततं. खरी अडचण कोणाला सांगितली नाही. जत्रेत सगळी पंचक्रोशी भेटते. लोक लेकीकडे बघून हळहळतील आणि मग माझ्याकडे बघतील, ते मला नको होतं.

शेवटी म्हटलं, देवाला विचारू. आमच्याकडे लग्न असो की विहीर, कौल घेतल्याशिवाय काही ठरत नाही. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी एकटाच गेलो. उजवी पाकळी टपकन पडली, देवाने विचार करायलाही वेळ घेतला नाही. घरी येऊन सांगितलं, "डावो दिल्यान."

बायकोने झोळी घडी करून ठेवली. लेक मात्र हटली नाही.

"माका घेवन चला. माज्यासमोर विचारा."

आता नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी तिला पाठुंगळी घेऊन देवळात गेलो. मी तोंड उघडायच्या आत ती गुरवाला म्हणाली, "काका, देवाक विचारा, गाडयेन जावचा की होडयेन? उजवो दिल्यान तर होडी."

"आधी जावचा की नाय, ता विचार," मी घाईघाईने म्हणालो.

"ता परत कित्याक?" गुरव म्हणाला. "काल तुमका उजवो दिल्यान मां."

माझ्या गळ्याभोवतीचे लेकीचे हात जरा आवळले गेले. पाकळी पडली, उजवी.

घरी तिच्या आईने विचारलं तेव्हा लेक म्हणाली, "बाबांनी देवाक मोठा गाऱ्हाणा घातल्यानी. देवान मन बदलल्यान." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी होडी ठरवायच्या निमित्ताने बंदरावर पळालो.

होडीत मला इतक्या उलट्या झाल्या की कुणकेश्वरला होडी हाकणाऱ्या तांडेलाने लेकीच्या आधी मला उचलून उतरवलं. किनाऱ्यावर लोक जमले, हळहळले, पण माझ्याकडे बघून.

"ह्येंका काय झाला गो?" एका बाईने लेकीला विचारलं.

"बाबांका होडी सोसणा नाय," झोळीत बसलेली लेक म्हणाली. "आयकूक तयार नाय, म्हणान घेवन इलव."