अभिनंदन, ग्रेस!

शिरीष ओगले ज्या संस्थेत काम करत होता तिच्या मीटिंगच्या खोलीत अकरा खुर्च्या होत्या. दहा माणसांसाठी आणि अकरावी ग्रेससाठी. ग्रेस तिथे कधी आली नव्हती आणि येणारही नव्हती, कारण ती मुळात नव्हतीच. संस्था हॉलंडमधल्या युट्रेख्टला, स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर. आफ्रिकेतल्या तरुण मुलींसाठी छोट्या बचतीच्या आणि छोट्या कर्जाच्या योजना आखणं हे तिचं काम. आपण जिच्यासाठी राबतो ती सतत डोळ्यांसमोर हवी, असं कोणीतरी एकदा सुचवलं आणि ग्रेस जन्माला आली. वय एकवीस, युगांडातल्या मसाका गावच्या बाजारात टोमॅटो विकते, शिवणयंत्र घ्यायची इच्छा. फोटो विकत आणलेला. तो मोठा करून खुर्चीच्या पाठीला अडकवला होता. चर्चा कुठे अडली की कोणीतरी तिकडे बघून विचारायचं, "ग्रेसला हे आवडेल का?" मग दहाही जण ग्रेसच्या वतीने बोलायचे. ग्रेसचं आजवर कोणाशी वाकडं आलं नव्हतं.

शिरीष मूळचा पुण्याचा, बिबवेवाडीचा. वय शेहेचाळीस. रॉटरडॅमच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायला तो बायको-मुलीसह आला आणि तिथून जवळच, कापेल आन डेन आयसेलला भाड्याच्या घरात राहिला. चार वर्षांनी त्याला वाटलं, जन्मात एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडावं. म्हणून त्याने कमी पगारावर ही नोकरी धरली. तेव्हा त्याची बायको मृदुला म्हणाली होती, "पगार कमी होणार हे कळलं. उपयोग नक्की कोणाला होणार, तेवढं सांग."

"आफ्रिकेतल्या मुलींना."

"बरं. त्यांना विचारलंयस ना?"

शिरीष हसला होता. माणूस गुणी, नेमका, वेळेचा पक्का. रोज सायकलने स्टेशन गाठायचा, ठरलेल्या डब्यात बसायचा. ऑफिसात दुपारी सगळे चीज-पाव खाताना त्याच्या पेल्यातल्या ताकात घरून आणलेली जिरेपूड पडायची. दोन वर्षांत चार डच सहकारीही जिरेपूड मागू लागले होते. हे आपलं सगळ्यात ठोस काम, असं तो गमतीने म्हणायचा. मनातून मात्र त्याला अभिमान होता तो मेसेजचा.

योजना अशी होती. मुलीने मोबाइलवर थोडे थोडे पैसे टाकायचे आणि आपलं ध्येय गाठायचं. पाव रक्कम जमली, अर्धी जमली, पाऊण जमली की शिरीषच्या कल्पनेतून आलेला मेसेज जायचा. आधी फोनवर वाजतगाजत एक धून, मग तिच्या भाषेत, "अभिनंदन, ग्रेस! तुझा अर्धा रस्ता पार झाला!" आणि खाली ठळक आकड्यात जमलेली रक्कम.

ही कल्पना त्याला बिबवेवाडीने दिली होती. दहावीला त्याला गणितात दीडशेपैकी एकशे सत्तेचाळीस मिळाले, तेव्हा वडिलांनी ते सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिले होते आणि आई चोवीस घरांत पेढे वाटून आली होती. चांगली गोष्ट घडली की ती चार लोकांना कळावी, घरच्यांची छाती फुगावी, माणसाला आणखी हुरूप यावा, हे त्याला श्वास घेण्याइतकं साधं वाटे. मेसेज तीन समित्यांपुढे गेला. तिन्हींनी तो मंजूर केला. संचालिका मारयोलेनने तर टाळ्या वाजवल्या. ग्रेसचीही हरकत नव्हती.

मुश्किल एवढीच होती की अर्ध्या रस्त्यावर मुली गळत होत्या. शंभरातल्या साठ जणी सगळे पैसे काढून घेत आणि परत फिरकत नसत. मुलींना मेसेज आवडतो का, हे संस्थेने फोनवर विचारून घेतलं होतं. हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, की झालं. नव्वद टक्के चेहरे हसरे आले. मग दोष मुलींच्या चिकाटीत असणार असं ठरलं आणि चिकाटीवर एक कार्यशाळा झाली.

शिरीषची दोन वर्षांची तात्पुरती नेमणूक जूनमध्ये संपत होती. पुढे कायमची नोकरी मिळाली तर बँक घरासाठी कर्ज देणार होती. नाहीच ठेवलं, तर व्हिसाच्या नियमाने तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर सामान बांधा. मुलगी सानिका चौदा वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये यायचं. तिला पुण्याच्या शाळेत कुठल्या वर्गात बसवायचं, या विचाराने मृदुला पोळ्या लाटता लाटता थांबायची.

फेब्रुवारीत मसाकाहून नाकाटो आली. सव्वीस वर्षांची, संस्थेच्याच तिथल्या कार्यालयात काम करणारी. बाजारात फिरून मुलींना योजनेत आणायची. कोणाचातरी ढगळ कोट घालून ती मीटिंगच्या खोलीत शिरली. दहा खुर्च्या भरलेल्या होत्या. ती सरळ जाऊन अकराव्या खुर्चीवर बसू लागली.

"अं, ती नको," कोणीतरी अदबीने म्हणालं. "ती ग्राहकासाठी आहे."

नाकाटोने वळून पाठीवरचा फोटो पाहिला. "ही कोण?"

"ग्रेस. मसाकाची."

"ही आमच्याकडची नाही," नाकाटो म्हणाली. "आणि या केसांचा खर्च टोमॅटो विकून निघत नाही."

सगळे मनापासून हसले. मारयोलेनने ते वहीत टिपून घेतलं. शेजारच्या खोलीतून नाकाटोसाठी एक स्टूल आलं.

त्या शनिवारी शिरीषने तिला घरी जेवायला बोलावलं. मृदुलाने भरली वांगी केली होती. नाकाटोने तिसरी पोळी घेतली आणि ती मोकळी झाली.

"तुमच्या ऑफिसात सगळे चांगले आहेत," ती म्हणाली. "पण तो मेसेज कोणी लिहिलाय, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय."

शिरीषचा घास हातातच राहिला. मृदुलाने त्याच्याकडे बघितलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "का गं? काय झालं?"

"अहो, घरात फोन एक. तो भावाकडे, नाहीतर नवऱ्याकडे. सगळे जेवायला बसलेत आणि ती धून वाजते. काय झालं म्हणून सगळे फोन बघतात. खाली आकडा. संपलं. आमची एक मुलगी केस कापायचं दुकान काढणार होती. अकरा महिने साठवत होती. तिच्या पैशातून भावाच्या मोटरसायकलला नवे टायर आले."

"पण..." शिरीषने घसा साफ केला. "पण फोनवर विचारलं होतं ना. नव्वद टक्के हसरे चेहरे आले."

"तोच फोन ना?" नाकाटो म्हणाली. "भाऊ हसणार नाही तर काय करेल?"

सानिका खळखळून हसली आणि डचमध्ये काहीतरी म्हणाली. मृदुलाने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"तुम्ही कळवलं नाहीत?" शिरीषने विचारलं.

"तीनदा. अहवालाच्या शेवटी पुरवणी असते ना, तिच्यात."

पुरवणी कोणी वाचत नाही, हे शिरीषला माहीत होतं, कारण तोही वाचत नसे.

"मग किती जमले हे मुलींना कळणार कसं?"

नाकाटोने जरा आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. "त्यांनीच टाकलेत की. त्यांना माहीत असतं. हवं तर मोबाइलवर पैसे भरून देणाऱ्या दुकानात जाऊन विचारतात. बाकी कोणाला कळायला नको, म्हणून तर आमच्याकडे येतात."

"लिहिणाऱ्याला भेटायचंय म्हणालीस," मृदुला तिच्या पानात भात वाढत म्हणाली. "भेटवते. आधी त्याला जेवू दे."

नाकाटोने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुम्ही?" ती शिरीषला म्हणाली. "पण तुम्ही तर चांगले वाटता."

ती गेल्यावर शिरीष भांडी पुसत म्हणाला, "मला वाटलं, घरच्यांना आनंद होईल."

"तुझ्या घरच्यांना झाला असता," मृदुला म्हणाली. "लग्न झाल्यावर मी शिकवण्या घ्यायचे, आठवतंय? किती मिळायचे, माहितीये तुला?"

"नाही."

"मग? तू तर टायरवालाही नव्हतास."

मेसेज बंद करायला संस्थेत अर्ज होता. त्यावर तीन सह्या लागत. प्रत्यक्षात मात्र शिरीषच्या पडद्यावर एक चौकट होती आणि तिच्यात बरोबरची खूण. पुढच्या शुक्रवारी दुपारी सव्वाचारला, ऑफिस नेहमीप्रमाणे ओस पडलेलं असताना, त्याने ती खूण काढली. काही वाजलं नाही. त्याने संगणक बंद केला, डबा घेतला आणि नेहमीची गाडी पकडली.

मे महिन्यापर्यंत साठाच्या जागी वीसच मुली गळत होत्या. आकडे बघणाऱ्या मंडळींनी यावर बारा पानी अहवाल केला. निष्कर्ष असा होता, की अभिनंदनाच्या मेसेजचा दूरगामी परिणाम आता दिसू लागला आहे.

मारयोलेन स्वतः शिरीषच्या टेबलाशी आली. "मी म्हणत होते, धीर धरा. आर्नहेमच्या देणगीदारांना हाच मेसेज झांबियासाठी हवाय. चाळीस हजार मुली. गुरुवारी तूच बोल. आणि सोमवारी तुझ्या कायमच्या नोकरीचं पत्र निघेल."

शिरीषने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मृदुला आनंदाने उठून उभी राहिली, आणि मग हळूच परत बसली.

"चाळीस हजार?"

"हो."

"चाळीस हजार घरांत ती धून वाजणार?"

"हो."

"आणि पत्र सोमवारी."

"हो."

शनिवारी अकरा वाजता ते एक घर बघायला जाणार होते. मागे पाणी, तीन खोल्या, सानिकाची शाळा सायकलने सात मिनिटं. मृदुलाने पडद्यांचा रंगसुद्धा मनात ठरवला होता. तिने त्या घराची जाहिरात घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी तुला बोल असं म्हणणार नाही आणि बोलू नकोस असंही म्हणणार नाही. पण गप्प बसलास, तर माझ्याकडे येऊन आता काय करू, असं विचारायचं नाही. कळलं?"

आर्नहेमच्या खोलीत प्रत्येकासमोर कॉफी आणि एकेक बिस्किट होतं. पडद्यावर टिकून राहणाऱ्या मुलींचा आलेख होता. फेब्रुवारीपर्यंत पडलेली रेघ तिथून डौलात वर चढत होती. मारयोलेनने चार शब्दांत ओळख करून दिली. शिरीष उभा राहिला. त्याने तयार केलेलं भाषण चांगलं होतं. ते त्याने उलटं करून टेबलावर ठेवलं.

"ही रेघ जिथून वर जायला लागली," तो म्हणाला, "त्या दिवशी मेसेज बंद झाला. मी बंद केला. तो चालू होता तोवर मुलींचे पैसे जात होते."

मग त्याने एक फोन, जेवणाची वेळ, टायर, हसरे चेहरे असं सगळं सांगितलं. मेसेज आपलाच होता, हेही सांगितलं. पाच मिनिटं लागली.

 मग एका पिकल्या केसांच्या गृहस्थाने विचारलं, "बंद करायला परवानगी कोणाची होती?"

"कोणाचीच नाही."

"आणि सुरू करताना?"

"तिन्ही समित्यांची."

त्या गृहस्थाने आपलं बिस्किट खाल्लं. झांबियाच्या आराखड्यातून मेसेज तिथल्या तिथे खोडला गेला. चार मिनिटंही लागली नाहीत.

परतीच्या गाडीत मारयोलेन त्याच्यासमोर बसली. "मला राग आलाय," ती म्हणाली. तिकडची माणसं हे असं, पावसाची बातमी द्यावी तसं सांगतात. "तू फेब्रुवारीत माझ्याकडे यायला हवं होतंस."

"आलो असतो तर?"

"मी समिती नेमली असती."

"तिचं उत्तर कधी आलं असतं?"

मारयोलेन खिडकीबाहेर बघू लागली. गायी गेल्या, एक कालवा गेला. "सप्टेंबरात," ती म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं शिरीषला शपथेवर सांगता आलं नसतं. "कायमचं पत्र मी आता काढू शकत नाही. मुलींचं नुकसान झालं म्हणून नव्हे, ते सगळं नियमाने झालं होतं. तू खूण विचारल्याशिवाय काढलीस म्हणून. एक वर्ष देते. पुढचं पुढे बघू."

"ठीक आहे," शिरीष म्हणाला. राहणं टिकलं होतं. घर गेलं होतं.

संध्याकाळी मृदुलाने त्याचा चेहरा बघितला आणि विचारलं, "किती?"

"एक वर्ष."

"आणि झांबियाचा मेसेज?"

"खोडला."

"हं," म्हणून तिने चहा टाकला.

"शनिवारचं फोन करून रद्द करतो," शिरीष म्हणाला. "एका वर्षाच्या कागदावर बँक आपल्याला दारातसुद्धा उभं करणार नाही."

"रद्द कशाला? घर बघायला पैसे पडतात?"

शनिवारी अकराला दोघं सायकलींवरून गेले. घर विकणाऱ्या कंपनीचा तरुण तत्परतेने हिंडून सगळं दाखवत होता. मृदुलाने प्रत्येक कपाट उघडून बघितलं, नळ सोडून बघितला, मागच्या पाण्यावरची बदकं बघितली. शिरीष जिना चढून गेला आणि कठडा धरून जपून उतरला.

"स्वयंपाकघर लहान आहे," मृदुला त्या तरुणाला म्हणाली.

"आणि जिना फार उभा आहे," शिरीष म्हणाला.

तरुणाने दोन्ही तक्रारी लिहून घेतल्या आणि मालकांशी किमतीबद्दल बोलतो म्हणाला. त्याचे आभार मानून दोघं बाहेर पडले. सायकली कोपऱ्यावरून वळल्या. मग शिरीषच्या सायकलीच्या बरोबरीला येत ती म्हणाली, "बरं झालं बाई. नाहीतर घेऊन बसलो असतो."