रशीदनं खाली घेतलेली खिडकी

"काका, अब्बा गेले..." रशीदच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात दुकान उघडत होतो. किल्ली तशीच कुलपात सोडून जुन्या जालन्याकडं निघालो. संध्याकाळी कब्रस्तानात तीन मुठी माती टाकली. टाकतानाही मनात एकच होतं, की आठ महिने मी या माणसाशी बोललो नव्हतो. भांडण माझंच होतं. त्यानं ते कधी उचललंच नाही.

रशीद घरं बांधायचा. नकाशेही तोच काढायचा आणि गवंड्यांच्या डोक्यावरही तोच उभा राहायचा. शाळेपासूनचा माझा दोस्त. त्याची निम्मी जेवणं आमच्याकडंच व्हायची, त्यामुळं आई त्याला माझ्याहून जास्त ओळखायची. माझा धाकटा भाऊ कोकणात डॉक्टर आहे, आई त्याच्याजवळच असते. त्यानं समुद्राकाठी जागा घेतली तेव्हा घर रशीदनंच बांधायचं, हे मी परस्पर ठरवून टाकलं. रशीद म्हणाला, "दिगू, मी समुद्र पाह्यला न्हाई अजून." मी म्हणालो, "मंग बघ की."

पहिला नकाशा त्यानं जालन्यातच बसून काढला आणि आपल्याकडचा माणूस करणार तीच चूक केली. सपाट गच्ची, भोवती कठडा, पावसाचा थेंबही बाहेर जाऊ नये म्हणून खाली मोठा हौद. टँकरची वाट बघत वाढलेले आम्ही. मलाही तो नकाशा बिलकुल बराबर वाटला. तिथल्या सुतारानं कागद पाहिला आणि विचारलं, "पाणी धरून काय करणार? इथं ते घालवायचं कसं, ते बघा." दुसरा कुणी रागावला असता. रशीद पोट धरून हसला, कागद फाडला आणि चार दिवस त्या जागेवर नुसता बसून राहिला. वारा कुठून येतो, ऊन कुठं सरकतं, भरतीचं पाणी कुठवर चढतं... एवढंच. मी फोन केला की म्हणायचा, "अभ्यास करून राह्यलो."

मग उतरतं कौलारू छप्पर आलं, पावसाच्या बाजूला रुंद पडवी आली, घर पाण्यापासून चांगलं मागं सरकलं. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. वाजलं ते झाडावरून. समोर उंडीचं जुनं झाड आहे, फांद्या पार खाली आलेल्या. मला ते तोडून हवं होतं. समुद्रावर घर बांधायचं आणि पानं बघत बसायचं? रशीद म्हणाला, "वारा अंगावर घेतं ते. घराच्या आधीपासून हाय. ऱ्हाऊ दे." त्यात दिवाणखान्याची खिडकीही त्यानं इतकी खाली घेतली की उभं राहिलं तर समोर भिंत आणि खाली अंगणातली वाळू. वास्तुशांतीला, सगळ्या पाहुण्यांसमोर मी बोलून गेलो, "जालन्याच्या माणसानं बांधलंय, समुद्र दिसेलच कसा?" लोक हसले. रशीद हातातलं ताट खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. दुपारच्या गाडीनं परत गेला. माझ्या जिभेला हाड नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या दिवशी त्याला लागलं. मला ते दिसलंही होतं. तरी मी फोन केला नाही.

रशीद वारल्याचं आईला फोनवर सांगायचं नाही, असं आम्ही भावांनी ठरवलं. तिसऱ्या आठवड्यात मी कोकणात गेलो. आईचे गुडघे गेलेत. दिवसभर ती खिडकीशी सतरंजीवर पाय पसरून, भिंतीला टेकून बसते. असलं काही सांगायचं तर जवळ बसून सांगावं, म्हणून मीही खाली बसलो. त्या खिडकीशी मी पहिल्यांदाच जमिनीवर बसत होतो. मान वर केली आणि बोलायचं राहूनच गेलं. उंडीच्या फांद्यांखालून, चौकटभर, समोर सगळा समुद्र होता.

"भरती चढून राह्यली बघ," आई म्हणाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तूच सांगितलं असशील त्याला, आईला बसल्या जागी दिसू दे म्हणून."

"न्हाई आई. मी न्हाई सांगितलं. त्याचं त्यानंच केलं."

तिनं माझ्या गुडघ्यावरचा हात उचलून पुढं केला.

"मंग लाव त्याला फोन," म्हणाली. "मला बोलू दे."