पोरगी, पेटी, पाणी

चित्रासमोर देवाचं नाव घेतलं की माझे सासरे चिडत. "नाव घेतलं की बघणं संपलं," ते म्हणत. "मान डोलवायची नि मोकळं व्हायचं. नाव सोड. काय दिसतं ते सांग."

मी त्यांना मामंजी म्हणायची. बळेपेटेतल्या आमच्या गल्लीत त्यांना बत्ती अण्णा म्हणत, कारण उदबत्तीच्या पुड्यांवरची देवांची लेबलं ते काढत. छापताना रंग सरकून बिघडलेले कागद ते घरी आणत. कुणाचा ओठ हनुवटीवर, कुणाचा निळा रंग अंगाबाहेर सांडलेला. सासूबाई म्हणत, "असले देव घरात आणू नयेत." ते म्हणत, "बिघडलाय म्हणून तरी त्याच्याकडं नीट बघशील."

आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातली. बाहेर कन्नड, घरात मराठी, आणि वाचायची मराठी ती पोथीपुरती. दर शनिवारी संध्याकाळी वाचन असे, पण मामंजींच्या घरात पोथी सरळ उघडत नसे. आधी एक चित्र भिंतीला टेकवायचं. सगळ्यांनी गप्प बसून बघायचं. मग प्रत्येकानं दिसलेली एकेक गोष्ट सांगायची, मग वाचन, मग पुन्हा चित्र. ते म्हणत, "पोथी सांगते काय झालं. कसं झालं ते काढणाऱ्याला ठरवावं लागतं."

मी कोलारहून लग्न होऊन आले ती चौथी शिकलेली. पहिल्याच शनिवारी एका पायावर उभा असलेला तपस्वी होता. नवरा म्हणाला, "एकाग्रता." सासूबाई म्हणाल्या, "भक्ती." माझी पाळी आली. मी म्हणाले, "टाच भुईला टेकत नाहीय. पोटरीत गोळा येईल." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मामंजी म्हणाले, "हिला दिसतं." आयुष्यात मला मिळालेलं सर्टिफिकेट तेवढंच.

मग ते चित्र सुरू झालं. पोथीत ती गोष्ट आली. लग्नाआधी मूल झालेली राजाची पोरगी तान्ह्याला पेटीत घालून नदीत सोडते. पोथीत ते एका ओळीत उरकतं. सोडलं, संपलं. मामंजींनी घरासाठी म्हणून पाटाएवढ्या पुठ्ठ्यावर ते काढायला घेतलं. पाणी झालं, पेटी झाली, पोरीचं तोंड झालं. मनगटापाशी येऊन काम अडलं.

"ढकलतेय की धरतेय?" त्यांनी विचारलं.

"ढकललंच असणार," सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील ते तिला कळत नव्हतं होय?"

"आई आहे ती. धरलंच असेल," माझा नवरा म्हणाला.

"धरलं तर पेटी गेली कशी?"

"पाण्यानं ओढली."

"म्हणजे पाप पाण्याचं! बरं आहे बाई!"

मामंजींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "हात झाल्याशिवाय पुढचं पान नाही." सासूबाईंना वाटलं, आठवडाभराचं काम. दोन वर्षं गेली. तिकडं शहराच्या कडेला जयनगरचे रस्ते आखून घरं उभी राहिली, इकडं आम्ही दर शनिवारी तोच अध्याय वाचत होतो. सासूबाई म्हणत, "त्या मेल्या पेटीपायी युद्ध न ऐकताच मी जाणार."

माझी थोरली तेव्हा चार महिन्यांची होती. मामंजी म्हणाले, "सुपात ठेव तिला. स्वल्प सावकाश." मी ठेवली. "पुन्हा." पुन्हा ठेवली. सातव्यांदा पोर किंचाळली. मी म्हणाले, "मामंजी, पोर खाली ठेवताना मी पोरीकडं बघते. हातांकडं कशाला बघू, ते काय चोरीला जातायत?" ते हसले. कागदांवर माझे हात त्यांनी ढिगानं काढले. एकही पसंत पडला नाही. "हे ठेवणारे हात आहेत. सोडणारे नाहीत."

त्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी कॉफी सांडू लागली. मग लेबलावरच्या देवाच्या भुवया वाकड्या होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच छापखाना सोडला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, वाढत जाणार. गोळ्या झाल्या, तेलं झाली, नवस झाले. कशाचा काही उपयोग झाला नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे झोपेत तो हात थांबायचा. दुपारी जेवून आडवे झाले की पोटावर दगडासारखा स्थिर, बोटं कुंचला धरल्यागत वळलेली. मी येता-जाता बघायची. वाटायचं, तेवढा हातच उचलून चित्रापाशी न्यावा. एकदा मी कुंचला हळूच बोटांत ठेवलाही. ते जागे झाले, थरथर सुरू झाली, कुंचला खाली पडला. ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

एक दिवस म्हणाले, "तू काढ हात. रांगोळी काढतेस ना?"

"रांगोळीला ठिपके असतात, मामंजी. इथं कुठायत?"

"मग मनगट धर माझं."

मी दोन्ही हातांनी धरलं. चालत्या शिवणयंत्रावर हात ठेवल्यासारखं लागत होतं. आवळलं की त्यांना दुखायचं, सैल केलं की कुंचला उडायचा. शेवटी तो टेकला आणि पोरीच्या मनगटाशी काळपट डाग पडला. "सरी," ते कानडीत म्हणाले. "झालं, पुरे." मी ओल्या फडक्यानं डाग टिपला. थोडा राहिलाच.

पुन्हा त्यांनी कुंचला मागितला नाही. शनिवारी चित्र तेवढं टेकवायला लावत. आम्ही बघत बसायचो. काय दिसतं ते आता कुणी सांगत नसे, आणि तेही विचारत नसत.

असंच आणखी काही काळ चाललं. मग एका सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर त्यांचा हात थांबलेला होता. मला वाटलं, झोपलेत. खरं सांगते, माझी नजर आधी कुंचल्याकडं गेली. मग कळलं.

चित्र आजही माझ्याकडं आहे, हातांवाचून. नातवंडं म्हणतात, एखाद्या आर्टिस्टकडून पुरं करून घेऊ. मी हात लावू देत नाही.

मामंजींचं तेरावं झालं. पुढच्या शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "पोथी घे. तू वाच. तुझ्या नवऱ्याला रडू येतं." मी चित्र भिंतीला टेकवलं. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. अडखळत अडखळत तोच अध्याय वाचला, 'सोडलं' आलं आणि पान संपलं. मी कोपरा चिमटीत धरला. कागदाला काय वजन असतं? पण हात पुढं जाईना आणि मागंही येईना. मी वाचायचं सोडून माझ्याच त्या हाताकडं बघत बसले. तो दाखवायला आता मामंजी नव्हते.

"धरून काय बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली. उलट की!"

उलटलं.