लॅमिनेशन केलेली काडीमोड

माझ्या काडीमोडीचा कागद बाबांनी लॅमिनेशन करून आणला होता. शंभराचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का, आम्हा दोघांच्या आणि पाच पंचांच्या सह्या. आंधळगावात आमच्या घरी कोशाच्या रेशमाचा हातमाग. ताण्यातला तुटलेला धागा बाबांना नुसत्या बोटांनी सापडायचा, पण तो कागद त्यांनी वाचलासुद्धा नाही. सही करण्याआधी मी म्हटलं होतं, "बाबा, एखाद्या वकिलाले दाखवू ना." तर म्हणाले, "वकील कायले? कोर्टात गेलो का लोकाइले तमाशा. पंचाइनं मिटवलं, झालं."

लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नाही, एवढाच माझा गुन्हा. पंचांच्या त्या बैठकीत नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "हे बाई काही कामाची नाही." आणि लगेच चहा मागितला. माझ्या माहेरात, माझ्याच हातचा. वर्षभरात त्यानं दुसरं लग्न केलं, दोन पोरं झाली, सरकारी नोकरी लागली. एकेक बातमी मी मागावर बसून ऐकली. खोटं कायले बोलू, त्याचं वाटोळं व्हावं असंच मला वाटायचं.

बारा वर्षांनी करडी गावच्या एका शिक्षकांनी मला मागणी घातली. बायको वारलेली, माणूस शांत. मला ते आवडले होते. त्यांच्या बहिणीनं अट घातली की आधीचे कागद वकिलाला दाखवा. म्हणून मी भंडाऱ्याला एका वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला. "ताई, लॅमिनेशन मस्त आहे. पण आपल्याकडे घटस्फोट कोर्ट देते, नोटरी नाही. तुम्ही अजून त्याचीच बायको आहात. सही करायच्या आधी यायला पाहिजे होतं."

"मग त्याचं दुसरं लग्न?"

"कायद्यात ते लग्नच नाही. तक्रार केली तर नोकरीवरही येईल."

माझं लग्न अडलं होतं आणि मला आनंद झाला होता. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही.

वकीलबाईंनी दोन रस्ते सांगितले. तक्रार केली तर वर्षानुवर्षं चालेल. दोघांनी मिळून अर्ज केला तर साधारण सहा महिन्यांत मी मोकळी. मला लग्न करायचं होतं, मी अर्ज केला. नोकरीच्या भीतीनं तोही मुकाट आला. न्यायाधीशांनी विचारलं, या कोण? खाली मान घालून त्याला म्हणावं लागलं, "माझी पत्नी." माझा जीव असा थंड झाला म्हणून सांगू.

सहा महिन्यांनी शेवटची तारीख. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. बाहेर त्याची दुसरी बायको पोरांना घेऊन बसली होती. मी त्याच्याकडे पाहिलं, तो मागितलेला चहा आठवला, आणि म्हटलं, "मला अजून विचार करायचा आहे." त्याचा चेहरा खर्रकन उतरला. वकीलबाई माझ्यावर चिडल्या. पुढच्या तारखेलाही मी तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

दर वेळी शिक्षक रजा टाकून करडीहून यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. तिसऱ्या वेळी कोर्टासमोरच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याले सतावून राहिल्या, का मले?"

"त्यानं मले बारा वर्षं जाळलं."

"मी काय केलं?"

"थांबा ना थोडं. अजून दोनच तारखा."

त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि मला घरी सोडलं.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. मी घाबरले, आणि न्यायाधीशांनी विचारताच 'हो' म्हणून टाकलं. नवरा जिना उतरून पळतच बायकोपोरांकडे गेला. चौघं एकाच गाडीवर बसून निघून गेली. त्याला मी तेव्हा माफ केलं नाही, आजही केलेलं नाही.

संध्याकाळी शिक्षकांना फोन लावला. उचलला बहिणीनं. म्हणाली, "दादाचं दुसरीकडे जमवलं आम्ही."

"अवो, पण मी आज मोकळी झाली ना. कोर्टाचा हुकूम आहे."

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण दादा म्हणते, त्या बाईचं सारं मन नवऱ्यातच आहे."