घण आणि गोळा

पोलीस भरतीत मी दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा गोळाफेकीत. धावण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं, पण गोळा काही पांढरी रेघ ओलांडेना. तिसऱ्या खेपेनंतर वय संपणार होतं. म्हणून मी दंड वाढवायच्या मागं लागलो. रोज दीडशे जोर, वर विहिरीचं पाणी ओढायचं. आमच्या हसनाबादेत बाह्या सरसावून दंड दाखवत फिरायचो. अक्कल मात्र होती तेवढीच राहिली.

त्या उन्हाळ्यात बाजाराजवळ घिसाड्याचं पाल पडलं. वखराची बोथट झालेली पास, म्हणजे पातं, धार लावायला घेऊन मी गेलो. घिसाडी लाल लोखंड सांडशीनं ऐरणीवर धरून बसला होता आणि त्याची बायको उभी राहून घण घालत होती. त्यांच्यात घण बाईच घालते. अंगानं काटकुळी, हाताच्या नुसत्या काड्या. पण घाव बसला की माझ्या तळपायाला कळायचा. नवऱ्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर घण पडायचा आणि तो गडी पापणीही हलवत नव्हता.

"मावशी, मी मारून बघू का?" मी विचारलं. तिनं हसून घण दिला. नवरा मात्र सांडशी ठेवून लांब सरकला. पाच घावांत मला धाप लागली, खांदा भरून आला आणि लोखंड होतं तसंच.

"हातानं मारून राह्यलास," ती म्हणाली. "हातात काय न्हाई. टाच दाब, कंबर फिरू दे. हात मंग येतो बराबर."

मग मी तिचे पाय बघितले. मागची टाच मातीत रुतायची, कंबर वळायची, तिच्यामागं पाठ, खांदा. हात सगळ्यात शेवटी, तेही सैल. जे मी इतके दिवस दंडात शोधत होतो, ते ती जमिनीतून उचलत होती. चार दिवस काही काम नसताना मी तिथं जाऊन बसलो. इतक्या हुशारीनं अंग वापरणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

भरतीच्या मैदानावर मी आधी टाच दाबली. गोळा रेघेच्या हातभर पुढं पडला.

टेप धरलेले साहेब म्हणाले, "छान. कुणी शिकवलं?"

मागं पोरांची रांग ऐकत होती. बाईकडून शिकलो म्हणायला माझी जीभ वळली नाही. "कुणी नाही सर, स्वतःच," मी म्हणालो. साहेबांनी पाठ थोपटली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नोकरी लागली. साहेबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी आज पहिल्यांदा देतोय.